एक प्रश्न, पाच विद्याशाखा : परस्परांपासून दूर असलेल्या शाखांमधला पुरावा एकत्र कसा वाचावा

आंतरविद्याशाखीय म्हणून लिहिलेले जे मसुदे माझ्याकडे वाचनासाठी येतात, त्यांपैकी बहुतेकांची रचना सारखीच असते. पहिले प्रकरण हवामानाचे, दुसरे इतिहासाचे, तिसरे अर्थशास्त्राचे आणि शेवटी ‘समन्वय’ या नावाखाली चार पाने. एकेक प्रकरण सुटे वाचले तर त्यात फारसे काही चुकलेले नसते. चूक असते ती दोन प्रकरणांच्या सांध्यात. एका शाखेतला आकडा दुसऱ्या शाखेत नेताना त्याचे वर्ष बदलते, त्याची हद्द बदलते, कधी त्याचा अर्थच बदलतो, आणि लेखकाला याचा पत्ता नसतो. हे टाळण्यासाठी काम कोणत्या क्रमाने करावे, ते येथे टप्प्याटप्प्याने मांडले आहे.

रीत हवेत सांगून कळत नाही, म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरले आहे : १८७६ ते १८७८ या काळात दख्खनच्या पठारावर, विशेषतः सोलापूर, पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांत पडलेला दुष्काळ. या एका विषयासाठी हवामानशास्त्र (त्यातच वृक्षवलयांचा, म्हणजे झाडाच्या खोडातल्या वार्षिक कड्यांचा, अभ्यास), अभिलेखागारातला इतिहास, किमती आणि मजुरीचे अर्थशास्त्र, आहारशास्त्र आणि लोकसंख्याशास्त्र यांच्याकडे जावे लागते. यांतल्या कोणत्याही दोन शाखांचे अभ्यासक एकमेकांची नियतकालिके सहसा वाचत नाहीत. आपला विषय वेगळा असला तरी टप्पे हेच राहतील.

टप्पा १ : प्रश्न लिहून काढणे आणि त्याचे तुकडे पाडणे

ग्रंथालयात पाऊल टाकण्याआधी प्रश्न एका वाक्यात लिहावा. ‘१८७६–७८ चा दुष्काळ : एक आंतरविद्याशाखीय अभ्यास’ हे शीर्षक झाले, त्यात प्रश्न नाही. प्रश्न असा असतो : ‘सोलापूर जिल्ह्यात या काळात जी माणसे मेली, ती पाऊस चुकल्यामुळे, धान्य महागल्यामुळे, मजुरी अपुरी पडल्यामुळे की साथींमुळे, आणि या कारणांचा एकमेकांशी काळाचा क्रम कोणता होता?’

मग या वाक्याचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकड्यापुढे तो कोणत्या शाखेचा आहे ते लिहावे. पाऊस किती आणि केव्हा चुकला, हे हवामानशास्त्राचे. ज्वारीचा भाव केव्हा चढला, हे अर्थशास्त्राचे. दुष्काळी कामावरच्या माणसाच्या पोटात रोज किती अन्न जात होते, हे आहारशास्त्राचे. मृत्यूंची नोंद किती भरवशाची आहे, हे लोकसंख्याशास्त्राचे. सरकारी निर्णय कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर घेतला, हे इतिहासाचे.

*तपासणी :* एखाद्या शाखेपुढे एकही तुकडा आला नसेल, तर ती शाखा वगळावी. भूगर्भशास्त्राचे एक प्रकरण हवेच, असा आग्रह मार्गदर्शकांनी धरला तरी, ते प्रकरण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे हे त्यांना आदराने विचारावे. शाखांची संख्या वाढल्याने संशोधन खोल होत नाही. सांधे मात्र वाढतात, आणि चुका तिथेच होतात.

टप्पा २ : शब्दांची वही

हा टप्पा सगळेच गाळतात आणि सर्वांत महाग चुका येथेच होतात. एक वेगळी वही किंवा फाइल करावी. तिच्यात आपल्या विषयातला प्रत्येक कळीचा शब्द घेऊन, तो शब्द प्रत्येक शाखेत कोणत्या अर्थाने येतो, ते लिहावे.

आपल्या उदाहरणातला पहिलाच शब्द घ्या : ‘दुष्काळ’. मराठीत पाऊस न पडणे आणि माणसे उपासमारीने मरणे, या दोन्हींना आपण दुष्काळच म्हणतो. इंग्रजीत त्यांना दोन वेगळे शब्द आहेत, आणि बहुतांश शोधनिबंध इंग्रजीत असल्याने मराठीत टिपण काढताना दोन्ही शब्द एकाच शब्दात कोसळतात. मग हवामानाच्या लेखातला ‘दुष्काळ’ आणि इतिहासाच्या ग्रंथातला ‘दुष्काळ’ ही एकच घटना आहे असे वाटू लागते. टिपणे काढताना पहिल्यासाठी ‘अवर्षण’ आणि दुसऱ्यासाठी ‘दुष्काळ’ हे शब्द कटाक्षाने वेगळे ठेवावेत.

अवर्षणाच्याही व्याख्या एकसारख्या नाहीत. भारतीय हवामान विभागाच्या प्रचलित व्याख्येनुसार हंगामी पाऊस दीर्घकालीन सरासरीपेक्षा २६ ते ५० टक्के कमी असेल तर ते मध्यम आणि तूट ५० टक्क्यांहून अधिक असेल तर तीव्र अवर्षण मानले जाते. महसूल खाते मात्र पिकाकडे पाहते. पूर्वी आणेवारी आणि नंतर पैसेवारी काढून, ती ५० पैशांच्या खाली आली की गाव टंचाईचे धरण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. पाऊस सरासरीइतका पडूनही पैसेवारी घसरू शकते, कारण पाऊस नको तेव्हा पडलेला असतो. शेतीशास्त्र जमिनीतली ओल मोजते. म्हणजे एका वर्षी, एका तालुक्यात, एकाच शब्दाची तीन उत्तरे येऊ शकतात आणि तिन्ही बरोबर असू शकतात.

वहीत प्रत्येक शब्दापुढे चार गोष्टी असाव्यात : शाखा, त्या शाखेतला अर्थ, मोजण्याची रीत, आणि तो शब्द शोधखिडकीत टाकताना वापरायचे पर्याय. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण जुन्या इंग्रजी कागदांत ‘सोलापूर’ शोधले तर काही सापडत नाही, कारण तिथे ते ‘शोलापूर’ या वर्णलेखनाने आहे. पुण्याचे ‘पूना’, साताऱ्याचे ‘सत्तारा’. ज्वारी, जोंधळा, शाळू ही नावे वेगवेगळ्या कागदांत वेगवेगळी येतात, आणि शाळू हे रब्बीचेच पीक असल्यामुळे तो शब्द नुसता पर्याय नसून माहितीही देतो.

*इशारा :* ‘महत्त्वपूर्ण’, ‘संबंध’, ‘नमुना’, ‘मॉडेल’ असे सर्वत्र आढळणारे शब्दही या वहीत घालावेत. संख्याशास्त्रात एखादा फरक ‘महत्त्वपूर्ण’ आहे याचा अर्थ तो मोठा आहे असा होत नाही. तो निव्वळ योगायोगाने दिसला असण्याची शक्यता कमी आहे, एवढेच त्यातून कळते.

टप्पा ३ : काळ, जागा आणि मापे एका पट्टीवर आणणे

वाचन सुरू करण्याआधी ही पट्टी तयार ठेवावी. नंतर करू म्हणून सोडली, तर शेकडो टिपणे पुन्हा उघडावी लागतात.

*काळ.* एकाच घटनेची तारीख चार पंचांगांत सापडते. शके १७९८ म्हणजे मार्च १८७६ ते मार्च १८७७. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे सर्वांना ठाऊक असते, पण १ जानेवारीनंतरच्या तिथींसाठी, म्हणजे पौषाचा काही भाग, माघ आणि फाल्गुन यांसाठी, ७९ मिळवावे लागतात हे विसरले जाते. दख्खनी फसली साल मृगापासून, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू होते. त्यात ५९० मिळवावेत, म्हणून फसली १२८६ हे साधारणपणे जून १८७६ ते जून १८७७ असे येते. मुंबई इलाख्याचे महसुली वर्ष १ ऑगस्टपासून सुरू होते, सरकारी हिशेबाचे वर्ष १ एप्रिलपासून, आणि हवामानशास्त्राचा मोसमी हंगाम जून ते सप्टेंबर असा असतो. एखाद्या अहवालात ‘१८७६–७७’ असे लिहिले असेल, तर ते यांपैकी कोणते वर्ष आहे हे शोधल्याशिवाय तो आकडा टिपून घेऊ नये. उत्तरेकडचे कागद पाहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे, की तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे वद्य पक्षातल्या तिथीचा महिना आपल्या पंचांगाहून एकाने पुढचा येतो.

*जागा.* जिल्ह्याचे नाव तेच राहते, हद्द तीच राहत नाही. पंढरपूर, सांगोला आणि माळशिरस हे आजच्या सोलापूर जिल्ह्यातले तालुके एकेकाळी सातारा जिल्ह्यात होते. इंग्रजी अमलाखालच्या जिल्ह्याचे आकडे पाहताना अक्कलकोटसारख्या संस्थानांची गावे त्यांत नसतात, आणि जिल्ह्याला लागून निजामाचा मुलूख आहे. माणसे आणि जनावरे तिकडे गेली की इकडच्या नोंदींतून ती नाहीशी होतात. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे ‘कोणती हद्द, कोणत्या साली’ हे लिहावे.

*मापे.* मुंबई मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोचा, आणि बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे ३७.३ किलोचा होता. नुसते ‘मण’ वाचून पुढे गेल्यास आकडा जवळजवळ तिपटीने चुकतो. शेराचेही तसेच आहे. ८० तोळ्यांचा सरकारी शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, पण बाजारातला शेर अनेकदा मापाचा होता, वजनाचा नव्हता.

याहून फसवी गोष्ट म्हणजे भाव लिहिण्याची पद्धत. त्या काळी धान्याचा भाव ‘रुपयाला किती शेर’ असा लिहीत. आकडा उतरला की महागाई वाढली. आलेख काढताना हे ध्यानात न राहिल्याने, दुष्काळात ज्वारी स्वस्त झाल्याचे चित्र काढलेला एक मसुदा माझ्या पाहण्यात आहे, आणि त्यावर तीन जणांनी अभिप्राय दिलेले होते. सरासरी काढतानाही याच जागी घसरायला होते. समजा, एका बाजारात रुपयाला ८ शेर आणि दुसऱ्यात १६ शेर ज्वारी मिळते. आकड्यांची सरासरी १२ शेर, म्हणजे शेराला सव्वा आण्याहून किंचित अधिक. पण खरा भाव पहिल्या बाजारात शेराला २ आणे आणि दुसऱ्यात १ आणा आहे, त्याची सरासरी दीड आणा होते, म्हणजे रुपयाला १०.६७ शेर. आधी प्रत्येक आकडा ‘शेराला किती आणे’ या रूपात आणावा आणि मगच सरासरी, टक्केवारी किंवा आलेख करावा.

*तपासणी :* मूळ आकडा, मूळ एकक आणि मूळ तारीख यांचे रकाने एक्सेलमध्ये कायम ठेवावेत, रूपांतरित आकड्यांचे रकाने त्यांच्या शेजारी करावेत. मूळ पुसून त्या जागी किलो आणि इसवी सन लिहू नये. रूपांतरात चूक निघाली, तर परत जायला वाट उरली पाहिजे.

टप्पा ४ : वाचनाचा क्रम

अनोळखी शाखेत शिरताना नवा शोधनिबंध आधी उघडू नये. क्रम असा ठेवावा : प्रथम त्या शाखेच्या पदवी अभ्यासक्रमातल्या पाठ्यपुस्तकाचे संबंधित प्रकरण, मग गेल्या आठ-दहा वर्षांतला एखादा आढावा घेणारा निबंध, मग आपण वापरणार आहोत ती माहिती कशी गोळा केली याचे वर्णन, आणि त्यानंतर त्या माहितीवर झालेली टीका. टीका वाचल्याशिवाय मुख्य निबंधाकडे जाऊ नये. ज्या शाखेत आपण पाहुणे आहोत, तिच्यातले वाद आपल्याला माहीत नसतात, आणि वादातल्या एका पक्षाचा निबंध सर्वमान्य म्हणून उचलला जातो.

मुख्य निबंध वाचताना सारांश आणि निष्कर्ष यांवर थांबू नये. आधी पद्धतीचा भाग, मग आकृत्या आणि तक्ते, मग लेखकांनी स्वतः सांगितलेल्या मर्यादा, आणि शेवटी निष्कर्ष.

साहित्य कुठे मिळते ते थोडक्यात. पावसासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेली १८७१ पासूनची मोसमी पावसाची मालिका आहे. सरकारी पत्रव्यवहारासाठी मुंबईचे राज्य अभिलेखागार आणि पुण्याचे पेशवे दफ्तर, छापील जुन्या अहवालांसाठी मुंबईची एशियाटिक सोसायटी आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ग्रंथालय, जिल्ह्यांच्या वर्णनासाठी १८८० च्या दशकात छापलेली मुंबई इलाख्याची गॅझेटियरे, आणि प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’. अभिलेखागारात जाण्याआधी सूची पाहून खात्याचे नाव, साल आणि खंड क्रमांक लिहून न्यावेत. ‘दुष्काळाचे कागद दाखवा’ असे सांगून काही मिळत नाही, कारण कागद विषयानुसार लावलेले नसून खात्यांनुसार लावलेले असतात, आणि दुष्काळाचा पत्रव्यवहार महसूल, सार्वजनिक बांधकाम आणि आरोग्य अशा तीन-चार खात्यांत विखुरलेला असतो.

*इशारा :* साधन त्या काळी अस्तित्वात होते का, हे आधी पाहावे. या दुष्काळावर ‘केसरी’ने काय लिहिले हे शोधण्यात एका विद्यार्थ्याचे दोन आठवडे गेले. ‘केसरी’ १८८१ च्या जानेवारीत निघाला. पुण्यातले ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासून निघत होते, तिकडे जायला हवे होते. तसेच देशी वर्तमानपत्रांचे जे साप्ताहिक इंग्रजी गोषवारे सरकार काढत असे, ते म्हणजे ती वर्तमानपत्रे नव्हेत. काय निवडायचे हे सरकारी भाषांतरकाराने ठरवलेले असते.

टप्पा ५ : प्रत्येक पुरावा त्याच्या स्वतःच्या कसोटीवर पारखणे

इतिहासाचा विद्यार्थी प्रत्येक कागदाला ‘हा कोणी, कोणासाठी, केव्हा लिहिला’ असे विचारतो, पण आकड्यांच्या तक्त्यासमोर तोच विद्यार्थी मान झुकवतो. विज्ञानाचा विद्यार्थी मोजमापातली त्रुटी विचारतो, पण जुन्या अहवालातले वाक्य जसेच्या तसे सत्य म्हणून घेतो. दोघांनीही आपली सवय दुसऱ्याच्या प्रांतात न्यायला हवी. मात्र कसोटी त्या त्या शाखेचीच वापरावी.

वृक्षवलयांवरून काढलेले अवर्षणाचे अंदाज घेऊ. २०१० मध्ये मोसमी आशियाचा अवर्षण-नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला, त्यात तीनशेहून अधिक वृक्षवलय-मालिका वापरलेल्या आहेत आणि १८७६–७८ चे अवर्षण त्यात ठळकपणे दिसते. पण त्यातली बहुसंख्य झाडे हिमालय, तिबेट, मंगोलिया, आग्नेय आशिया या भागांतली आहेत, दख्खनच्या कोरड्या पठारावरची नाहीत. वलय साधारणपणे वर्षाचा किंवा हंगामाचा हिशेब सांगते, महिन्याचा सांगत नाही. म्हणून ‘आशियाच्या मोठ्या भागावर अवर्षण होते’ यासाठी हा पुरावा भक्कम आहे, आणि ‘सोलापुरात सप्टेंबरात पाऊस पडला नाही’ यासाठी तो चालणार नाही.

अखिल भारतीय सरासरीचेही असेच. १८७७ हे त्या मालिकेतले अत्यंत तुटीचे वर्ष आहे. १८७६ त्यात तितके उठून दिसत नाही, आणि केवळ ती मालिका पाहणारा १८७६ ला साधे वर्ष म्हणून सोडून देतो. सोलापूरचा शेतकरी मात्र रब्बीवर जगतो, आणि रब्बीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसावर अवलंबून असते. १८७६ मध्ये तोच पाऊस चुकला. जून ते सप्टेंबरची देशव्यापी बेरीज हा प्रश्न विचारायलाच बनलेली नाही.

मृत्यूंच्या नोंदींची कसोटी वेगळी. गावकामगारांनी करायच्या नोंदी सुकाळातही अपुऱ्या असत. दुष्काळात गाव उठून गेले, नोंद करणाराच परागंदा झाला, की नोंद ढासळते. म्हणजे मृत्यू सर्वांत जास्त त्या महिन्यांत नोंद सर्वांत कच्ची. जनगणनेच्या तुलनेने तूट काढावी, तर १८७२ आणि १८८१ यांच्या मध्ये जन्म घटलेले असतात, स्थलांतर झालेले असते, आणि दुसरी गणना पहिलीपेक्षा अधिक काटेकोर झालेली असते. या तिन्हींचा उल्लेख न करता ‘इतके लोक मेले’ असे लिहू नये.

आहाराचा पुरावा सर्वांना सोपा वाटतो, आणि म्हणूनच त्यात निष्काळजीपणा होतो. १८७७ च्या आरंभी भारत सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या प्रौढ मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या किमतीवर बेतली आणि त्यावर थोडी रोख ठेवली. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर (सार्वजनिक आरोग्याचे अधिकारी) डब्ल्यू. आर. कॉर्निश यांनी हे प्रमाण अपुरे असल्याचे सांगितले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही त्याविरुद्ध अर्ज केले. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. ज्वारीच्या १०० ग्रॅममधून साधारण ३३० ते ३५० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे दिवसाला पंधराशे ते सोळाशे. माती उपसणाऱ्या, खडी फोडणाऱ्या माणसाला हे पुरत नाही, हे नक्की. पण तो मजूर रोज एवढेच खात होता असे यावरून म्हणता येत नाही. ती मजुरी ठरवण्याची मोजपट्टी होती. काम पूर्ण न झाल्यास कपात, वरच्या रोकडीतून मीठ-मिरची, घरातल्या काम न करणाऱ्या माणसांचा वाटा, हे सर्व हिशेबात आल्याशिवाय आहारशास्त्र इथे पुढे पाऊल टाकू शकत नाही.

*तपासणी :* प्रत्येक पुराव्याच्या टिपणाखाली दोन वाक्ये लिहावीत. ‘हा पुरावा हे सांगू शकतो.’ ‘हा पुरावा हे सांगू शकत नाही.’ दुसरे वाक्य सुचत नसेल, तर तो पुरावा अजून समजलेला नाही असे धरावे.

टप्पा ६ : पुराव्यांची वंशावळ काढणे

तीन ग्रंथांत एकच आकडा आढळला की तीन साधनांनी दुजोरा दिला असे लिहिले जाते. बहुतेक वेळा ते एकच साधन तीनदा छापलेले असते. जिल्ह्याच्या गॅझेटियरमधला दुष्काळाचा भाग हा आदल्या दशकातल्या सरकारी अहवालांतून घेतलेला आहे. नंतरचे ग्रंथ गॅझेटियरमधून घेतात, आणि त्यानंतरचे प्रबंध त्या ग्रंथांतून. प्रत्येक कळीच्या आकड्यासाठी मागे मागे जात मूळ नोंदीपर्यंत पोचावे आणि ही साखळी कागदावर बाणांनी काढावी.

मागे जाताना आकड्याची व्याप्ती कशी घसरते, हेही दिसते. रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालच्या दुष्काळ आयोगाने १८८० च्या अहवालात सुमारे साडेबावन्न लाख अधिक मृत्यूंचा अंदाज दिला आहे. तो इंग्रजी अमलाखालच्या सर्व प्रांतांचा आणि १८७७ व १८७८ या वर्षांचा आहे. त्यात संस्थाने नाहीत आणि उत्तरेकडचे प्रांत आहेत. पण हाच आकडा ‘१८७६–७८ मध्ये दख्खनमध्ये मेलेली माणसे’ म्हणून अनेक ठिकाणी फिरतो. ज्या माणसांबद्दल आपण लिहितो, त्यांची संख्या तरी नीट सांगणे हे आपले त्यांच्याप्रति कर्तव्य आहे, असे मला मनापासून वाटते.

विज्ञानातही वंशावळ असते. वृक्षवलयांवरून पाऊस काढताना वलयांची सांगड पर्जन्यमापकांच्या नोंदींशी घातलेली असते. म्हणून वलये आणि पर्जन्यमापके ‘एकमेकांना पुष्टी देतात’ असे म्हणण्याआधी, आपण पाहत असलेली वर्षे सांगड घालण्यासाठी वापरली होती की पडताळ्यासाठी बाजूला ठेवली होती, हे पद्धतीच्या भागात पाहावे. सांगड घालण्यासाठी वापरलेल्या वर्षांतले साम्य हा पुरावा नव्हे.

टप्पा ७ : जोडणी

आता महिनावार तक्ता करावा. आडव्या ओळींत जून १८७६ पासून डिसेंबर १८७८ पर्यंतचे महिने, उभ्या रकान्यांत पाऊस, पेरणी, ज्वारीचा भाव, दुष्काळी कामावरची माणसे, सरकारी निर्णय, मृत्यूंची नोंद, आणि प्रशांत महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान. ज्या महिन्याची माहिती नाही, ती चौकट कोरी ठेवावी. शेजारच्या चौकटींवरून अंदाजाने ती भरू नये.

या तक्त्याने काय हाती लागते, ते पाहा. १८७७–७८ चा एल निन्यो, म्हणजे प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय भागातले पाणी नेहमीपेक्षा तापण्याची घटना, हा नोंदींतल्या अत्यंत प्रबळ एल निन्योंपैकी एक होता, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्या काळच्या जागतिक अवर्षणांची मुळे त्याच्यात आणि त्याच वर्षीच्या हिंदी महासागरातल्या असाधारण स्थितीत दाखवली आहेत. एवढे वाचून ‘एल निन्योमुळे दख्खनचा दुष्काळ पडला’ असे वाक्य लिहिले जाते. तक्त्यात मात्र त्याचा जोर १८७७ च्या उत्तरार्धात आणि १८७८ च्या सुरुवातीला येतो, आणि दख्खनची रब्बी १८७६ च्या ऑक्टोबरमध्येच बुडालेली दिसते. मजुरीची कपात आणि कामकऱ्यांनी कामे सोडून जाणे १८७७ च्या आरंभी आले. कार्य आधी आणि कारण नंतर, असे होऊ शकत नाही. म्हणून साखळीचे दोन तुकडे करावे लागतात : १८७६ चा परतीचा पाऊस चुकण्याचे कारण वेगळे शोधावे लागेल, आणि आधीच खचलेल्या मुलखावर १८७७ चा मोसमही का चुकला, याच्या उत्तरात एल निन्योला जागा मिळेल. तापाच्या साथी पाऊस परतल्यानंतर बळावल्या, म्हणजे मृत्यूंचा एक मोठा भाग अवर्षण संपल्यानंतरचा आहे. वार्षिक सरासऱ्यांत यातले काहीच दिसले नसते.

दोन शाखांची उत्तरे जुळली नाहीत, तर घाईने मधला मार्ग काढू नये. विसंगती तीन प्रकारची असते. पहिली शब्दांची : दोघे ‘दुष्काळ’ म्हणतात, पण वेगळ्या गोष्टींना. दुसरी मापांची : हद्द, वर्ष किंवा एकक वेगळे. तिसरी खरी. पहिल्या दोन टप्पा २ आणि ३ कडे परत गेल्यावर सुटतात. तिसरी उरली, तर ती प्रबंधातली सर्वांत मोलाची जागा आहे, कारण दोन्ही शाखांच्या अभ्यासकांना ती त्यांच्या बाजूने दिसलेली नसते. ‘पिके बुडाली म्हणून माणसे मेली’ आणि ‘धान्य होते, पण ते विकत घेण्याचे बळ नव्हते’ या दोन मांडण्यांतला वाद या तिसऱ्या प्रकारात येतो. धान्य दुष्काळी जिल्ह्यांतून बाहेर जात होते की आत येत होते, हे महिनावार तपासल्याशिवाय त्यावर मत देऊ नये.

*इशारा :* भाव आणि मृत्यू एकाच वेळी वाढलेले दिसले, म्हणून एकामुळे दुसरे झाले असे ठरत नाही. दोन्हींना पाऊस हे समान कारण असू शकते. मधली कडी, म्हणजे मजुरी, दाखवता आली पाहिजे.

टप्पा ८ : त्या त्या शाखेच्या जाणकाराला दाखवणे

संपूर्ण प्रबंध कोणालाही पाठवू नये, तो वाचला जाणार नाही. प्रत्येक शाखेसाठी एक किंवा दोन पाने वेगळी काढावीत : आपण त्या शाखेतले काय वापरले, त्यावरून काय म्हटले, आणि आपली शंका कोणती. प्रश्न नेमका असावा. ‘सर, हे बघाल का?’ यापेक्षा ‘मॅडम, या मालिकेवरून एका जिल्ह्याबद्दल मी पान २ वरचे विधान केले आहे, ते चालेल का?’ असे विचारले, तर दहा मिनिटांत उपयोगी उत्तर मिळते. हे काम मसुदा बांधायला देण्याच्या आदल्या महिन्यात करण्यात अर्थ नाही. टप्पा ५ संपताच करावे, कारण एखादी शाखा आपण मुळातच चुकीची समजलो असू, तर जोडणीचे सर्व काम पुन्हा करावे लागते.

टप्पा ९ : लिहिणे

प्रकरणे शाखांनुसार पाडू नयेत. टप्पा १ मधल्या तुकड्यांनुसार पाडावीत : पाऊस केव्हा चुकला, भाव केव्हा चढला, मजुरी किती पुरली, माणसे केव्हा आणि कशाने मेली. प्रत्येक प्रकरणात ज्या शाखांचा पुरावा लागतो, तो त्याच ठिकाणी यावा. म्हणजे ‘समन्वय’ नावाच्या वेगळ्या प्रकरणाची गरजच पडत नाही.

प्रत्येक विधानाची खात्री भाषेतून दिसू द्यावी. ‘नोंद आहे’, ‘यावरून दिसते’, ‘असा अंदाज आहे’ आणि ‘असे असू शकेल’ या चार पायऱ्या ठरवून घ्याव्यात आणि संपूर्ण प्रबंधात त्याच अर्थाने वापराव्यात. शब्दांची वही आणि रूपांतराचा तक्ता परिशिष्टात द्यावा. महिनावार तक्ता कोऱ्या चौकटींसह छापावा, आणि कोणती चौकट कोणत्या अभिलेखागारातल्या कोणत्या खंडातून भरता येण्यासारखी आहे, हे त्याखाली लिहावे.